वॅट दुप्पट, आवाजही दुप्पट?

"५०० वॅटचा काढून १००० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर लावा, मंडपात आवाज दुप्पट होईल." दर सणाला फिरणारा हा सल्ला. आकडा दुप्पट दिसतो, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा (डेसिबल म्हणजे आवाजाची पातळी मोजायचं एकक). कानाला जाणवतो, पण दुप्पट नक्कीच नाही.

अ‍ॅम्प्लिफायरच्या आत डोकावू. ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि जाडजूड कपॅसिटर मिळून अधिक-उणे असे दोन डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचे) पुरवठे तयार करतात. आउटपुट ट्रान्झिस्टर त्यांतूनच वीज घेऊन स्पीकरला देतात, म्हणून सिग्नल या पुरवठ्यापलीकडे जाऊ शकत नाही. गेलाच तर लहरीचा माथा कापला जातो आणि आवाज फाटतो. पॉवर म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा). ८ ओहमच्या स्पीकरवर ५०० वॅटला सुमारे ६३ व्होल्ट लागतात, १००० वॅटला सुमारे ८९. म्हणजे व्होल्टेज वाढलं जेमतेम १.४ पट!

आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. त्याऐवजी जास्त संवेदनशीलतेचा, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये मोठा आवाज देणारा स्पीकर घेणं मला शहाणपणाचं वाटतं.

घरी तपासायचंय? ४०० हर्ट्झचा टोन हळू आवाजात लावा. स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर एसीवर ठेवून २ व्होल्ट आणा, मग २.८. पॉवर दुप्पट झाली. फोन जागचा न हलवता त्यातलं डेसिबल अ‍ॅप बघा: काटा ३ च्या आसपासच सरकलेला दिसेल.