आम्लाने कोरलेला काळोख

पिरानेसीच्या चित्रांत रोमचे भग्नावशेष पाहताना आधी नजरेत भरतो तो काळोख. कमानीच्या पोटात तो इतका दाट असतो, की आत हात घातला तर बोटं दिसणार नाहीत असं वाटावं. हा काळोख कुंचल्याने रंगवलेला नाही. नायट्रिक आम्लाने तो तांब्यात कोरला आहे.

जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी (१७२०–१७७८) व्हेनिसकडचा, वास्तुविद्या शिकलेला. १७४० मध्ये तो रोमला आला आणि एचिंगमध्ये, म्हणजे आम्लाने पत्रा कोरून त्यावरून चित्र छापण्याच्या कलेत, रमला. घोटलेल्या तांब्याच्या पत्र्यावर मेण आणि राळ यांचा पातळ थर द्यायचा, धुराने तो काळा करायचा आणि सुईने चित्र काढायचं. सुई फक्त मेण खरवडते; खालचं तांबं चकाकत उघडं पडतं. आम्ल तेवढ्याच रेषा खातं. तांब्याचं नायट्रेट बनून द्रव निळा-हिरवा होतो, रेषांवर बुडबुडे धरतात. ते पिसाने हलकेच सारायचे, कारण बुडबुडा चिकटून राहिला की त्याखाली आम्ल पोचत नाही आणि रेघ तुटक उमटते.

खरी कला पुढे आहे, वेळेची. पत्रा आम्लात जितका जास्त वेळ, तितकी रेघ खोल. आणि खोल रेघेत शाई जास्त मावते. म्हणून आकाशाच्या रेषा लवकर वार्निशने झाकायच्या आणि बाकीचा पत्रा पुन्हा आम्लात सोडायचा. पिरानेसी हे पुन्हा पुन्हा करी. त्यामुळे दूरचे ढग फिकट, तर जवळची भिंत काळीकुट्ट. शिवाय छाप उलटा उमटतो. त्यामुळे कमानीवरचा लॅटिन शिलालेखही पत्र्यावर आरशातल्यासारखा उलटा काढायचा!

मला ही चित्रं मोलाची वाटतात ती आणखी एका कारणाने. त्या काळी रोमन फोरमला, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाला, ‘काम्पो व्हाच्चिनो’, म्हणजे गुरांचं रान, म्हणत. तिथली, इ.स. २०३ मधली सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची कमान त्याच्या चित्रात बरीचशी मातीत गाडलेली आहे. पूर, गाळ आणि पडक्या इमारतींचा राडारोडा शतकानुशतकं साचत गेला होता. एकोणिसाव्या शतकात ती माती उपसली गेली, म्हणजे पिरानेसीने पाहिलेली जमीन आज जागेवरच नाही. पत्र्यावर मात्र ती आहे. मोठमोठे दगड फुगवून भव्य दाखवायची खोड त्याला होती, हे ध्यानात ठेवूनच या नोंदी वाचाव्या लागतात.

त्याचे तांब्याचे पत्रे आज रोममध्येच, त्रेव्ही कारंज्याला लागून असलेल्या सरकारी मुद्राचित्र संस्थेत जपून ठेवलेले आहेत.