दोन नळ्या म्हणजे स्टिरिओ नव्हे

आमच्याकडे रत्नागिरीत नाणी जमवणारे चारजण भेटले की एखादा तरी कॉलेजच्या भंगारातला मायक्रोस्कोप मिरवतोच. "दोन्ही डोळ्यांनी दिसतं, स्टिरिओ आहे!" अहो, नाही. त्यात खाली भिंग एकच असतं आणि तेच चित्र प्रिझम दोन्ही डोळ्यांना वाटून देतो. शिवाय उजेड खालून. शिवराईतून, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्यातून, तो पलीकडे जाणार कसा? खऱ्या स्टिरिओत प्रत्येक डोळ्याची वाट वेगळी, कोन वेगळा, म्हणून खोली कळते.

लॅपटॉपला लावायचा यूएसबी मायक्रोस्कोप बहुतेकांकडे आहे, त्यावर शब्द घालवत नाही. खोक्यावरचं '१०००एक्स' विसरा. नाण्याला १० ते ४० पट पुरे. आताच्या नाण्यावर सालाखालचं मुंबई टांकसाळीचं चौकटचिन्ह की हैदराबादचा तारा, एवढं तो चोख दाखवतो.

घोळ होतो तो खड्डा की फोड, इथे. गेल्या पावसाळ्यात चौलच्या काकांनी शिवराईचा फोटो पाठवला. 'छत्र' अक्षरांभोवती बारीक ठिपके.

"काका, फोड आहेत की खड्डे?"

"फोडच रे, स्पष्ट दिसतायत."

सपाट फोटोत ते स्पष्ट दिसूच शकत नाही. उजेड वरून येतो असं मेंदू धरून चालतो. दिवा खालच्या बाजूला असला की खड्डा फुगून वर आलेला दिसतो. फोटो उलटा धरून बघा, फोडाचा खड्डा होईल. आणि नाणं अस्सल की नकली, हा निवाडा बराचसा याच्यावर असतो. साच्यात हवेचा बुडबुडा अडकला तर ओतलेल्या नकलेवर फोड उठतो. खाऱ्या मातीत तांबं खाल्लं गेलं तर खड्डा पडतो. अर्थात खड्डे ओतकामातही पडतात, म्हणून खड्डे दिसले की अस्सल, असंही नाही. वजन आणि कड बघायचीच.

खरा स्टिरिओ परवडत नसेल तर मोबाइल पुरतो. नाणं आणि दिवा जागचे हलवू नका. १५ सेंटिमीटरवरून एक फोटो काढा, मोबाइल अर्धा सेंटिमीटर उजवीकडे सरकवून दुसरा. अंतराच्या तिसाव्या भागाइतका सरकवायचा, हा जुना हिशोब. दोन्ही शेजारी ठेवून नजर सैल सोडा, मधे तिसरं नाणं उठून दिसतं.

इथेही एक गोची आहे, आणि ती सांगून माझं तोंड दुखलं. डावा फोटो डावीकडेच हवा. अदलाबदल झाली, किंवा नजर सैल न सोडता डोळे तिरळे करून बघितलंत, की खोली उलटते. म्हणून ठिपक्यांआधी अक्षरं बघा. शिवराईवरची अक्षरं उठावाची असतात. ती आत गेलेली दिसली तर जोडी चुकली.

काकांच्या जोडीत अक्षरं वर आली, ठिपके आत गेले. खड्डेच होते. पण मी कड नीट बघायला नाणं मागवलं तोवर काकांनी आमसूल लावून ते लख्ख घासलं होतं.