जेझबेल प्रतिमा

कृष्णवर्णीय स्त्री स्वभावतःच कामातुर आणि सहजप्राप्य असते, या वंशवादी समजुतीला अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील इतिहासलेखनात व समाजशास्त्रात रूढ झालेले नाव. इस्राएलचा राजा अहाब याची फिनिशियन राणी, मराठी बायबलमधील ईजबेल, हा या नावाचा आधार. मूळ कथेत तिच्यावरील ठपका मुख्यतः बआल या परक्या देवतेच्या पूजेचा आणि द्राक्षमळ्यासाठी करविलेल्या नाबोथच्या हत्येचा आहे. डोळ्यांत काजळ घालून खिडकीत उभी राहिलेली राणी ‘कुलटा’ म्हणून ओळखली गेली ती प्रामुख्याने नंतरच्या ख्रिस्ती परंपरेत.

प्रतिमेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. इतिहासकार विन्थ्रॉप जॉर्डन (१९६८) व जेनिफर मॉर्गन (१९९७) यांनी तिची मुळे युरोपीय प्रवासवर्णनांत शोधली. पश्चिम आफ्रिकेतील स्त्रियांची अल्पवस्त्रे, बहुपत्नीत्व व सामूहिक नृत्ये यांचा अर्थ तेथे कामुकता असा लावला जाई. स्तन खांद्यावर टाकून पाठीवरच्या मुलाला पाजणारी, वेदनेविना प्रसूत होणारी स्त्री ही वर्णने एका प्रवाशाकडून दुसऱ्याकडे जात राहिली. डेबोरा ग्रे व्हाइट (१९८५) यांचा भर अमेरिकेच्या दक्षिण भागातील, गुलामांकरवी चालणाऱ्या मळ्यांवर आहे. लिलावात गिऱ्हाइकांनी उघड्या अंगाची केलेली चाचपणी, भातखाचरांत कमरेशी खोचलेली वस्त्रे आणि गुलाम स्त्रीच्या प्रजननक्षमतेची राजरोस चर्चा, यांतून मालकाला हवी तीच प्रतिमा ‘सिद्ध’ होत गेली. दोन्ही मते परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. प्रवासवर्णनांनी सामग्री पुरविली. तिला दैनंदिन उपयोग मिळाला तो मळ्यांवर.

कायद्याचा पुरावा दुसऱ्या मताकडे अधिक झुकतो. व्हर्जिनियातील १६६२ च्या कायद्याने अपत्याचा दर्जा आईवरून ठरविला; त्यामुळे गोऱ्या मालकाला गुलाम स्त्रीपासून झालेले मूलही गुलामच राहिले. १८०८ पासून गुलामांच्या आयातीवर बंदी आल्यावर या संततीचे आर्थिक मोल वाढले. मिझूरीतील सीलिया या गुलाम स्त्रीने अनेक वर्षे अत्याचार करणाऱ्या मालकाला ठार केले. ‘कोणत्याही स्त्री’ला जबरीविरुद्ध संरक्षण देणारे कलम राज्यात असूनही त्याचा लाभ तिला मिळाला नाही व १८५५ च्या डिसेंबरात तिला फाशी झाली.

लंडनमध्ये १८१० पासून प्रदर्शनात मांडलेल्या सारा बार्टमन या दक्षिण आफ्रिकेतील खोइखोई जमातीच्या स्त्रीचे उदाहरण या विषयावरील लेखनात हमखास येते. तथापि ते मुख्यतः युरोपीय शरीरशास्त्राच्या इतिहासातील आहे. अमेरिकी मळ्यांवरील प्रतिमेशी त्याची थेट सांगड घालताना सावधगिरी हवी.

गुलामगिरी संपल्यावरही प्रतिमा टिकली. १८९५ मध्ये मिझूरीतील एका वृत्तपत्र-संघटनेच्या अध्यक्षाने सर्व कृष्णवर्णीय स्त्रियांना चारित्र्यहीन ठरविणारे पत्र लिहिले. त्याच्या निषेधातून त्याच वर्षी बॉस्टनला कृष्णवर्णीय स्त्रियांची परिषद भरली. पुढील वर्षी स्थापन झालेल्या त्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पहिल्या अध्यक्षा मेरी चर्च टेरेल या होत्या. संघटनेतील शिक्षिका व लेखिकांनी चोख पेहराव, संयमित बोलणे आणि खासगी आयुष्याविषयी मौन हा मार्ग धरला. इतिहासकार एव्हलिन ब्रूक्स हिगिनबॉथम त्यास प्रतिष्ठेचे राजकारण म्हणतात. या मार्गाने गरीब स्त्रियांवरच शिस्तीचा बोजा पडला, हा त्यावरील आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही.

नोकरदार स्त्रियांच्या संदर्भात प्रतिमेचा परिणाम न्यायालयीन कागदपत्रांत सर्वांत स्पष्ट दिसतो. लैंगिक छळ हा लिंगाधारित भेदभाव होय, हे प्रस्थापित करणाऱ्या आरंभीच्या खटल्यांतील अनेक फिर्यादी कृष्णवर्णीय होत्या : न्याय विभागातील डायान विल्यम्स (१९७६), पर्यावरण संस्थेतील पॉलेट बार्न्स (१९७७), वॉशिंग्टनमधील एका बँकेत प्रशिक्षणार्थी म्हणून लागून गुणवत्तेवर साहाय्यक शाखा व्यवस्थापक झालेल्या मेशेल व्हिन्सन (१९८६). व्हिन्सन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणचे शत्रुत्वपूर्ण वातावरण बेकायदा ठरविले. मात्र त्याच निकालात फिर्यादीचा पेहराव व बोलणे हा पुरावा म्हणून ग्राह्य मानला. व्हिन्सन यांनी ज्यांच्यावर आरोप केला ते वरिष्ठही कृष्णवर्णीयच होते. तेव्हा प्रतिमेचा लाभ केवळ गोऱ्या पुरुषांनाच होतो, असे नाही.

विधीच्या प्राध्यापिका अनिता हिल यांनी ऑक्टोबर १९९१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी नाव सुचविलेले क्लॅरेन्स थॉमस यांच्याविरुद्ध लैंगिक छळाची साक्ष दिली, तेव्हा सिनेट समितीचे चौदाही सदस्य गोरे पुरुष होते. ‘झिडकारलेली स्त्री’ आहात का, असे हिल यांना विचारण्यात आले. स्वतः कृष्णवर्णीय असलेल्या थॉमस यांनी चौकशीला लिंचिंगची, म्हणजे जमावाने कृष्णवर्णीयांना ठार मारण्याची, उपमा दिली. हिल यांच्या बाजूने मांडता येईल असा, श्रोत्यांच्या तोंडपाठ असलेला इतिहास उपलब्ध नव्हता. थॉमस यांची नियुक्ती ५२ विरुद्ध ४८ मतांनी झाली. सुमारे महिन्याभराने १,६०३ कृष्णवर्णीय स्त्रियांनी वृत्तपत्रात स्वाक्षऱ्यांचे निवेदन छापून या वागणुकीचा निषेध केला.

समाजशास्त्रज्ञ पॅट्रिशिया हिल कॉलिन्स अशा प्रतिमांना ‘नियंत्रक प्रतिमा’ म्हणतात. गोऱ्यांच्या घरी राबणारी एकनिष्ठ, कामभावनाशून्य ‘मॅमी’ ही जेझबेलची जोडप्रतिमा. उच्चशिक्षित, कामात बुडालेली, संसाराला वेळ नसलेली ‘ब्लॅक लेडी’ ही मॅमीची अलीकडील आवृत्ती. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केशरचनेवरील निर्बंधही याच संदर्भात अभ्यासले जातात. बारीक वेण्यांना मनाई करणारा विमान कंपनीचा नियम न्यायालयाने १९८१ मध्ये वैध ठरविला होता. अशा मनाईविरुद्धचा राज्य कायदा प्रथम कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये झाला.

ब्राझीलमध्ये लेलिया गोन्झालेस यांनी दाखविल्याप्रमाणे कार्निव्हलमधील मोहक ‘मुलाता’ (मिश्रवंशीय स्त्री) आणि वर्षभराची मोलकरीण ही एकाच स्त्रीची दोन रूपे होत. भारतात शर्मिला रेगे यांनी १९९८ च्या लेखात दलित स्त्रीवादी भूमिका मांडताना कृष्णवर्णीय स्त्रीवादाचा आधार घेतला.