बिलेट म्हणजे जास्त मजबूत? मुळीच नाही

‘अखंड ठोकळ्यातून कोरलेला बिलेट रिसीव्हर फोर्ज्डपेक्षा (ठोकून घडवलेल्यापेक्षा) मजबूत’, हा समज एआर-१५ रायफल स्वतः जोडणाऱ्या हौशी मंडळींत वर्षानुवर्षं फिरतोय. रिसीव्हर म्हणजे रायफलचा मधला सांगाडा; वरचा अर्धा अप्पर, खालचा लोअर. आहे उलटंच. फोर्जिंगमध्ये तापलेलं ॲल्युमिनियम साच्यात ठोकतात, त्यामुळे धातूचे कण आकाराबरोबर वळतात. बिलेट कोरताना कटर त्यांना मध्येच छाटत जातो, लाकडाच्या रेषा आडव्या कापाव्यात तसा.

पण त्याआधी मिश्रधातू विचारा! फोर्ज्ड बहुतेक ७०७५-टी६ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे असतात. बिलेटमध्ये ७०७५ मिळतं तसं ६०६१-टी६ही मिळतं, आणि त्याची ताण सोसायची ताकद जवळपास निम्मी.

गंमत म्हणजे, गोळी सुटताना बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) बॅरल एक्स्टेन्शनमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला बसवलेल्या तुकड्यात, अडकलेला असतो. मुख्य दाब रिसीव्हरवर येतच नाही. लोअरची नाजूक जागा म्हणजे मागच्या दस्त्यातली बफर ट्यूब जिथे फिरवून बसवतात, ते आट्यांचं कडं. तेव्हा बिलेटचे जादा पैसे दिसण्याचे, फार तर अंगच्याच ट्रिगर गार्डचे (घोड्याभोवतीच्या कड्याचे). खुशाल मोजा. फक्त अप्पर-लोअर एकाच निर्मात्याचे घ्या. बिलेटची बाह्यरेषा ज्याची त्याची वेगळी, फोर्ज्ड जोडीदाराशी कडा जुळतीलच असं नाही.