ईस्टर बेटावरचा न झालेला विनाश

दरवर्षी ५ जूनला, पर्यावरण दिनाच्या आसपास, ईस्टर बेटाची गोष्ट हमखास वाचायला मिळते. प्रशांत महासागरातलं एकाकी बेट. मोआई नावाचे प्रचंड दगडी पुतळे उभारायच्या नादात लोकांनी म्हणे शेवटचं झाडही तोडलं. मग उपासमार, यादवी, नरभक्षण, आणि सतराव्या शतकात लोकसंख्या पार कोसळली. निसर्ग जपा, हा धडा खराच आहे. पण उदाहरण चुकीचं आहे, आणि ज्यांच्या माथी हे खापर फोडलं जातं त्यांचे वंशज आजही त्या बेटावर राहतात. ते त्याला रापा नुई म्हणतात.

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात या बेटावरच्या १५ जणांच्या प्राचीन डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हिक्टर मोरेनो-मायार, अॅना-साफो मालास्पिनास आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम. ही माणसं १६७० ते १९५० या काळातली, आणि त्यांचे अवशेष पॅरिसच्या संग्रहालयात होते. हाडातला डीएनए काळाबरोबर तुटत जातो आणि तुकड्यांच्या टोकांना सायटोसिन हे डीएनएचं एक अक्षर बिघडून थायमिन या दुसऱ्या अक्षरासारखं वाचलं जातं. या खुणांमुळेच हाताळणाऱ्यांच्या ताज्या डीएनएची भेसळ ओळखता येते.

आता खरी मजा. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या, म्हणजे डीएनएच्या लांब धाग्यांच्या, जोड्या असतात, जोडीतलं एक आईकडचं, एक वडिलांकडचं. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना जोडीतली दोन्ही गुणसूत्रं शेजारी येतात, मोजक्या ठिकाणी तुटतात आणि तुकड्यांची अदलाबदल करून पुन्हा सांधली जातात. त्यामुळे एखाद्या पूर्वजाकडून आलेला अखंड पट्टा पिढीगणिक कापला जातो. वडिलोपार्जित शेताच्या वाटण्या होतात तसंच हे. पणजोबांचं दहा एकर रान पतवंडांपर्यंत गुंठ्यांवर येतं, आणि तुकड्याच्या आकारावरून किती पिढ्या वाटण्या झाल्या याचा अंदाज बांधता येतो.

गणित सोपं आहे. गुणसूत्रावरचं अंतर सेंटीमॉर्गनमध्ये मोजतात. शंभराला पिढ्यांच्या संख्येनं भागलं की पट्ट्याची सरासरी लांबी ढोबळमानानं मिळते. चार पिढ्यांपूर्वी मिसळलेलं रक्त पंचवीस सेंटीमॉर्गनच्या लांब पट्ट्यांत दिसेल. पंधरा-वीस पिढ्यांपूर्वीचं पाच ते सातच्या तुकड्यांत.

रापा नुईच्या या लोकांच्या जीनोमचा, म्हणजे संपूर्ण डीएनएचा, सुमारे १० टक्के भाग दक्षिण अमेरिकेच्या मूळनिवासींशी जुळतो, उरलेला पॉलिनेशियन, म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या लोकांचा. हा अंश युरोपियनांच्या जहाजांबरोबर आला असता तर पट्टे लांब असते. ते आखूड निघाले. हिशेब केल्यावर मिसळण्याचा काळ आला इ.स. १२५० ते १४३० च्या दरम्यान. कोलंबस तेव्हा जन्मलाही नव्हता, आणि रोगेव्हीन हा डच दर्यावर्दी या बेटावर पोचला तो १७२२ मध्ये. बेट आणि दक्षिण अमेरिका यांच्या मधे सुमारे ३,७०० किलोमीटर उघडा समुद्र! आपल्या उपवासाचं रताळं मूळचं अमेरिकेतलं. ते पॉलिनेशियात युरोपियनांच्या आधीच पिकत होतं. त्याचं कोडंही याच प्रवासाशी जोडलं जातं.

विनाशाच्या गोष्टीची तपासणीही याच पट्ट्यांवर होते. लोकसंख्या एकदम आटली, की उरलेल्या मूठभरांचीच संतती पुढे सगळीकडे पसरते. कुठल्याही दोघांचे पूर्वज मग त्याच काळात जाऊन मिळतात आणि त्यांच्यात एका ठरावीक लांबीचे समान पट्टे वाजवीपेक्षा जास्त सापडतात. इथे कापाकापी दोन्ही शाखांत झालेली असते, म्हणून शंभराला पिढ्यांच्या दुपटीनं भागायचं. सतराव्या शतकात लोक खरोखर मेले असते, तर दीड-दोन शतकांनंतरच्या माणसांत, म्हणजे सहा-सात पिढ्यांनी, सात-आठ सेंटीमॉर्गनच्या आसपास अशा समान पट्ट्यांच्या संख्येत उंचवटा दिसायला हवा होता. तसला ठसा नाहीच. बेटावर वस्ती झाली तेव्हाची, तेराव्या शतकाच्या सुमाराची अरुंद मान, म्हणजे लोकसंख्या अगदी थोडी असल्याची खूण, दिसते, कारण येणारे थोडेच होते. त्यानंतर १८६० च्या दशकापर्यंत लोकसंख्या सावकाश वाढतच गेलेली दिसते.

झाडं गेली, हे मात्र खरं. ताडासारख्या वृक्षांचं रान माणसांनी तोडलं, जाळलं, आणि माणसांबरोबर आलेल्या उंदरांनी त्याच्या बिया खाल्ल्या. पण लोक उघड्या जमिनीवर दगड पसरून ओल धरून ठेवायला शिकले आणि त्यात रताळी पिकवून जगले. मोआई परग्रहवासीयांनी उभारले म्हणणारे व्हिडिओ याच लोकांची अक्कल नाकारतात, आणि मला त्याची चीड येते. डीएनएवरून जातकुळीची शुद्धता ‘सिद्ध’ करणारे आपल्याकडचे फॉरवर्डही त्याच माळेतले. इतक्या एकाकी बेटावरच्या वस्तीतही शुद्ध रक्त सापडत नाही, मग घाटावर आणि कोकणात कुठून सापडणार?

लोकसंख्या खरोखर कोसळली ती १८६२-६३ मध्ये. पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी बेटावरची शेकडो माणसं पळवून नेली. जे थोडे परत आले त्यांच्याबरोबर देवीची साथ आली. १८७७ मध्ये सगळ्या बेटावर सुमारे ११० माणसं उरली होती.

ज्यांची हाडं तपासली त्यांच्या वंशजांशी संशोधकांनी बोलणी केली होती. संग्रहालयांच्या जुन्या नोंदींत चुका असतात, त्यामुळे हे १५ जण नक्की रापा नुईचेच का, हाही प्रश्न होता. तो आता सुटला आहे, आणि हे अवशेष बेटावर परत यावेत या वंशजांच्या मागणीला भक्कम आधार मिळाला आहे.