थांब, नाव सांगू नकोस!

दिवाळीची सुट्टी लागली की जिल्हा आवृत्तीच्या आतल्या पानावर एक बातमी हमखास येते. ‘तब्बल ३५ वर्षांनी पुन्हा भरला दहावीचा वर्ग.’ फोटोत गुलाबी फेटे, मागे फ्लेक्स, पुढच्या रांगेत शाल पांघरलेले गुरुजन आणि हातातल्या नारळाचं काय करायचं हे न कळलेला एखादा पाहुणा. बातमीचं शेवटचं वाक्यही ठरलेलं: ‘यावेळी जुन्या आठवणींना उजाळा देण्यात आला.’

या ‘उजाळ्या’वर माझा जुना राग आहे. उजाळा पितळेच्या समईला देतात. चिंच लावून घासली की खालचं पितळ होतं तसं लखलखतं. आठवण ही अशी माळ्यावर ठेवलेली समई नसते. हे पुस्तकांतून माहीत होतं, पण गेल्या वर्षी आमच्या १९८९च्या बॅचचा मेळावा झाला तेव्हा शाळेच्या फाटकातच त्याचं प्रात्यक्षिक झालं.

पोट सुटलेला, टक्कल पडलेला एक गृहस्थ दोन्ही हात पसरून पुढे आला. “ओळखलंस का?”

ओळखलं होतं. अर्ध्या सेकंदात. खिडकीकडचं तिसरं बाक. डावखुरा, आणि बसायचा माझ्या उजव्या हाताला, त्यामुळे लिहिताना दोघांची कोपरं भांडायची. डब्यात कायम शेंगदाण्याची चटणी. वडील एसटीत कंडक्टर. त्यांचा तिकिटाचा चिमटा त्याने एकदा वर्गात आणून भूगोलाच्या पुस्तकाला भोकं पाडली होती. सगळं आलं. नाव आलं नाही.

“थांब, नाव सांगू नकोस,” मी म्हणालो. ही चूक होती. का ते पुढे सांगतो.

आधी चेहऱ्याबद्दल, कारण खरा चमत्कार तिथे आहे. शाळेतल्या प्रश्नपत्रिकेत ‘जोड्या लावा’ आणि ‘रिकाम्या जागा भरा’ असे दोन प्रश्न असायचे. पहिल्यात उत्तर समोर असतं, फक्त ओळखायचं. दुसऱ्यात ते आपणच आतून काढायचं. ओळखणं आणि आठवणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांचं आयुष्यमानही वेगळं आहे. १९७५ साली हॅरी बाहरिक, फिलिस बाहरिक आणि रॉय विटलिंगर या अमेरिकी संशोधकांनी नेमकं हेच शाळासोबत्यांवर तपासलं. तिकडे दर वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याचा फोटो आणि नाव असलेलं वार्षिक छापतात. त्याचा उपयोग करून त्यांनी ३९२ माजी विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. त्यांत कुणी नुकतेच शाळेतून बाहेर पडलेले होते, तर कुणाला पन्नासेक वर्षं उलटली होती. पाच फोटो समोर ठेवायचे, त्यांतला एकच आपल्या वर्गातला. नुसता अंदाज ठोकला तर २० टक्के गुण. पण ३५ वर्षांनंतरही लोक ९० टक्क्यांच्या आसपास बरोबर होते! वर्ग ९० मुलांचा असो की ८०० मुलांचा, फारसा फरक नाही. याउलट ‘फोटो पाहून नाव सांगा’ म्हटल्यावर दांडी गुल. मेळाव्यांना किती वेळा गेलात, वार्षिक किती वेळा उघडलंत, हेही त्यांनी विचारून घेतलं होतं आणि त्याचा परिणाम हिशेबातून वजा केला होता. म्हणजे मध्ये उजळणी झाली म्हणून चेहरे टिकले, असंही म्हणता येत नाही.

पण तो फोटो सोळा वर्षांच्या पोराचा होता. फाटकात उभा होता पन्नाशीचा गृहस्थ. मग मी ओळखलं कशाने?

कवटीची ठेवण दहावीपर्यंत बरीचशी बसलेली असते. दोन डोळ्यांतलं अंतर त्यानंतर फारसं हलत नाही. बदलतं ते बाहेरचं: केस, गाल, हनुवटीखालचा ऐवज. कान तर लांबत जातात. जेम्स हीथकोट या इंग्लंडमधल्या डॉक्टरने १९९५ मध्ये तिशीपुढच्या २०६ जणांचे कान मोजले, तेव्हा वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटर असा हिशेब निघाला. तिशी ते पन्नाशीत जवळजवळ साडेचार मिलिमीटर. आमच्या गणिताच्या सरांना हे तेव्हा कळलं असतं, तर कान पिरगाळण्याचे श्रम वाचले असते.

गंमत अशी की ओळखीच्या माणसाला आपण या बाहेरच्या गोष्टींवरून ओळखतच नाही. १९७९ मध्ये हेडन एलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ओळखीचा चेहरा डोळे, नाक, ओठ या मधल्या भागावरून जास्त चांगला ओळखता येतो. अनोळखी चेहऱ्याच्या बाबतीत मधल्या भागाला हा फायदा मिळत नाही. तिथे केस आणि चेहऱ्याची कड यांच्यावरच बरीच भिस्त. म्हणून शेजारणीने केस कापले की नवा पोस्टमन गोंधळतो, आपण नाही. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये आणखी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. दोन डच प्रसिद्ध व्यक्तींचे प्रत्येकी २० असे ४० फोटो पिसून दिले आणि सांगितलं, माणसागणिक गठ्ठे करा. या दोघींना न ओळखणाऱ्या ब्रिटिश लोकांनी सर्वसाधारणपणे सात-आठ गठ्ठे केले. डच लोकांनी दोन. फोटो तेच! ओळख असणं म्हणजे डोक्यात एक स्वच्छ फोटो असणं नव्हे. एकच चेहरा हसताना, रडताना, छडी खाताना, तापातून उठल्यावर कसकसा दिसतो याचा सगळा पसारा डोक्यात असणं म्हणजे ओळख. दहा वर्षं एका बाकावर बसल्यावर हा पसारा एवढा मोठा होतो की टक्कल हाही त्यातलाच आणखी एक अवतार ठरतो. माझी बायको जुना ग्रुप फोटो हातात घेऊन हॉलभर फिरली. मला सोडून एकही जोडी तिला लावता आली नाही.

आता नाव. माझा जीव खरा इथे अडकला आहे, तेव्हा थोडं सोसा.

१९८५ मध्ये अँडी यंग, डेनिस हे आणि एलिस यांनी २२ जणांना आठ आठवडे एक वही सांभाळायला सांगितली. माणसं ओळखताना झालेली प्रत्येक फजिती तिच्यात लिहायची. हजाराच्या आसपास फजित्या जमल्या. ‘हा कोण ते माहीत आहे, काय करतो तेही माहीत आहे, नाव आठवत नाही’ अशा नोंदी ढिगाने. आणि ‘नाव आठवतंय, पण हा कोण कुठला काहीच कळत नाही’ अशी नोंद? एकही नाही. त्यावरून पुढच्याच वर्षी व्हिकी ब्रूस आणि यंग यांनी आराखडा मांडला: आधी चेहरा ओळखीचा वाटतो, मग त्या माणसाची माहिती येते आणि नाव सर्वांत शेवटी, त्या माहितीच्या दारातूनच. नावाला स्वतंत्र दार नाही.

पण नावच का शेवटी? एक प्रयोग इंग्रजीत झाला होता, मी तो मराठीत सांगतो. तुम्हाला एक अनोळखी चेहरा दाखवला आणि सांगितलं, ‘हे सुतारकाम करतात.’ दुसऱ्या कुणाला तोच चेहरा दाखवून सांगितलं, ‘यांचं आडनाव सुतार.’ शब्द तोच, चेहरा तोच. नंतर विचारलं तर काम आठवतं, आडनाव निसटतं. १९८७ मध्ये इंग्रजी आडनावं वापरून हे दाखवलं गेलं. कारण ‘सुतार’ हे काम म्हटलं की रंधा, करवत, पटाशी, लाकडाचा भुसा, दाराला न बसणारी कडी असं सगळं मोहोळ उठतं आणि त्या प्रत्येकातून एक धागा त्या शब्दाकडे जातो. आडनावाचे सुतार मात्र बँकेत असतील, नाहीतर दंतवैद्य. त्या नावाला आत कुठेही भुसा नाही. ते एका धाग्यावर लटकतं.

इथे जरा किचकट आहे. शब्द आठवणं म्हणजे अर्थाकडून ध्वनीकडे संदेश पोहोचणं. अर्थाच्या गाठीला चेतना मिळाली की ती ध्वनीच्या गाठींकडे उतरते: पहिलं अक्षर, मात्रा, शेवट. प्रत्येक ध्वनिगाठीला पेटायला ठराविक चेतना लागते. सामान्य शब्दाकडे दहा बाजूंनी चेतना येते, एखादा धागा कमजोर असला तरी बेरीज भरते. विशेषनामाकडे ती एकाच धाग्यातून येते. आणि धागा कशाने कमजोर होतो? डेबोरा बर्क, डॉनल्ड मॅके आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडलं त्याप्रमाणे तीन गोष्टींनी: तो क्वचित वापरल्याने, अलीकडे न वापरल्याने आणि वयाने. ३५ वर्षं न भेटलेला वर्गमित्र या तिन्ही रकान्यांत बसतो! मग अर्थाची गाठ लख्ख पेटलेली, ध्वनीची अर्धवट. ‘अगदी जिभेवर आहे’ म्हणतात ते हेच. रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांच्या १९६६च्या प्रयोगात अशा जिभेवर अडकलेल्या शब्दांचं पहिलं अक्षर लोकांनी ५७ टक्के वेळा बरोबर सांगितलं होतं. मलाही फाटकात ‘प’ दिसत होता. शपथेवर.

टोपणनावं का टिकतात तेही यात आलं. ‘बुटक्या’, ‘चष्मिस’, ‘ढापण्या’ ही नावं आहेत कुठे, ती वर्णनं आहेत; चेहऱ्यातूनच धागे निघतात. बॅचमधल्या मुलींची तर आपण दुहेरी पंचाईत करून ठेवली आहे. लग्नात आडनाव बदललं, काहींचं तांदळात अंगठीने लिहून पाळण्यातलं नावही बदललं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नवं नाव दिसतं आणि अर्धा वर्ग विचारतो, या कोण? ज्या एका धाग्यावर नाव लटकत होतं तोच कापून टाकल्यावर बिचारा मेंदू काय करणार. आमच्या ग्रुपवर शेवटी एकीने फतवा काढला, सगळ्यांनी शाळेतलं नाव लावा. तेव्हा कुठे सलवार-कमीजमागच्या दोन वेण्या दिसायला लागल्या.

आता माझी चूक. नाव जिभेवर असताना हट्टाने ताणत बसू नये. कॅनडातल्या कॅरिन हम्फ्रीज आणि एमी बेथ वॉरिनर यांनी २००८ मध्ये दाखवलं की अशा अवस्थेत ३० सेकंद झगडलेले लोक, १० सेकंदांत उत्तर मिळालेल्यांपेक्षा, त्याच शब्दावर पुन्हा जास्त वेळा अडकतात. झगडताना मेंदू चुकीची वाटच घट्ट करतो. सरळ विचारून टाकावं. मी विचारलं नाही, “चल, आत भेटू” म्हणून सटकलो.

आत गोष्टींचा पाऊस चालू होता. दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयात जास्त संख्येने वर येतात हे डेव्हिड रुबिन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये आकडेवारीने दाखवलंय, त्यामुळे पन्नाशीपुढचे लोक शाळेवरच घसरतात यात नवल नाही. प्रयोगशाळेत साप निघाला तो किस्सा मीही रंगवून सांगितला: शिपाईकाकांची काठी, फुटलेली बरणी, फॉर्मॅलिनचा वास. तेव्हा एक मैत्रीण शांतपणे म्हणाली, “तू तेव्हा काविळीने मामाकडे होतास. मी वह्या आणून दिल्या होत्या.” घरी येऊन आईला विचारलं. खरं होतं. साप मी पाहिलेलाच नाही, वास मात्र अजून येतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी १९९५ मध्ये २४ जणांना ‘तुम्ही लहानपणी मॉलमध्ये हरवला होतात’ अशी खोटीच गोष्ट घरच्यांच्या नावाने दिली, तर साधारण चौथ्या हिश्श्याला ती पूर्ण किंवा अर्धवट ‘आठवली’. म्हणून म्हणतो, आठवणीला उजाळा देत नाहीत, कल्हई करतात. दर खेपेला नवा थर, आणि थोडा कल्हईवाल्याच्या मर्जीचा.

एवढं असूनही ‘मेंदू सगळं रेकॉर्ड करतो, फक्त बटण दाबता आलं पाहिजे’ असं सांगणारे कमी नाहीत. त्याच मेळाव्यात एका बॅचमेटने ‘मिडब्रेन अॅक्टिव्हेशन’च्या, म्हणजे मध्यमेंदू ‘चालू’ करून देण्याच्या, वर्गाची पत्रकं वाटली. डोळ्यांना पट्टी बांधून मुलं वाचतात म्हणे. वाचतात, नाकाशेजारच्या फटीतून. मध्यमेंदू तुमचा-माझा जन्मापासून चालू आहे. डोळ्यांच्या हालचाली आणि बाहुलीचं आकुंचन तोच सांभाळतो. तो बंद पडलेला माणूस फी भरायला येत नसतो.

जेवणाआधी ‘वर्ग’ भरला. आमच्या बाई आता ऐंशीच्या आहेत. शाळेने जुनं कॅटलॉग शोधून ठेवलं होतं, पिवळं, कडा कुरतडलेलं. बाईंनी चष्मा सारखा केला आणि त्याच सपाट आवाजात हजेरी सुरू केली. आवाज तो, क्रम तोच. पाचव्या-सहाव्या नावानंतर माझ्या लक्षात आलं की पुढचं नाव बाईंच्या आधी माझ्या तोंडात येतंय. हजेरी ही साखळी असते, एका नावाचा शेवट पुढच्याला ओढतो. धागा एकच असला तरी रोज सकाळी वर्षानुवर्षं ओढलेला. पंधरा. सोळा. माझा नंबर अठरा. बाईंनी श्वास घेतला आणि त्यांच्या आधी मी मोठ्याने ओरडलो, ‘प’पासूनचं पूर्ण नाव, मधल्या, वडिलांच्या नावासकट. समोरच्या बाकावरून टक्कल वळलं आणि म्हणालं, “हजर.”

त्या आनंदात अठरावा नंबर कधी पुकारला ते कळलंच नाही. बाईंनी दोनदा म्हटलं म्हणे. मग कॅटलॉगवर पेन टेकवून गैरहजेरी लावली.