त्रस्त पोलीस डिटेक्टिव्हची मालिका (वाचन)

एकच पोलीस अधिकारी पुस्तकामागून पुस्तकात भेटतो, केस दरवेळी नवी असते पण मोडलेलं लग्न, दारू, उडालेली झोप, साहेबांशी वाजणं हे सगळं मागच्या पुस्तकातून पुढे चालत येतं, अशा क्राइम कादंबऱ्यांच्या मालिकेला ढोबळमानाने हे नाव देता येईल. खुनी कोण ते शेवटी कळतंच, पुढचं पुस्तक उचललं जातं ते बहुतेकदा या माणसाचं पुढे काय झालं ते बघायला.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. डिकन्सचा इन्स्पेक्टर बकेट (1852-53) आणि विल्की कॉलिन्सचा सार्जंट कफ (1868) ही जुनी नावं घेतली जातात, पण दोघंही एकेका कादंबरीपुरते. काहीजण सिमेनॉं या लेखकाच्या मेग्रे या पॅरिसमधल्या पोलीस अधिकाऱ्यापासून (साधारण 1930) धरतात, त्याच्या तब्बल 75 कादंबऱ्या आहेत आणि माणूस थकतो, उदासही होतो, पण घरी बायकोशी छान जमतं आणि एका पुस्तकातलं दुखणं दुसऱ्यात फारसं उरत नाही. एड मॅकबेनच्या 87व्या प्रिसिंक्टमध्ये, म्हणजे एका पोलीस ठाण्यावरच्या मालिकेत (1956 पासून), पोलिसांचं रोजचं काम आलं, तिथे नायक मात्र अख्खी टीम. म्हणून माय शोवाल आणि पेर वालो यांच्या स्टॉकहोममधल्या मार्टिन बेकचा (1965-75, 10 कादंबऱ्या) दावा जास्त पटतो. त्याचं लग्न हळूहळू विरत जातं, सातव्या पुस्तकाच्या शेवटी त्याला गोळी लागते आणि आठव्यात तो त्यातून सावरून कामावर परत येतो, म्हणजे आधीचं वाचलेलं नसेल तर त्याचा एकटेपणा अर्धाच कळतो.

पुढे इयान रँकिनचा रिबस (1987), हेनिंग मँकेलचा वॉलंडर (1991), मायकल कॉनलीचा बॉश (1992), यू नेस्बोचा हॅरी होल (1997) असे बरेच डिटेक्टिव्ह आले.

वाचायचा क्रम हा खरा किचकट भाग, कारण भाषांतरं मूळ क्रमाने येतातच असं नाही. नॉर्वेजियन हॅरी होलचं पाचवं पुस्तक इंग्रजीत 2005 ला आलं आणि पहिलं थेट 2012 ला, त्यामुळे हॅरीची सहकारी एलेन, जिचा खून तिसऱ्या पुस्तकात होतो, ती इंग्रजी वाचकांना आधी मेलेलीच कळली आणि जिवंत नंतर भेटली, हॅरी इतका का खचलाय ते तोवर नुसतं ऐकीव (स्पॉयलर आहे, पण इलाज नाही). वॉलंडरच्या तरुणपणीच्या कथा तर मूळ स्वीडिशमध्येच उशिरा, 1999 ला आल्या. काळाने त्या पहिल्या पुस्तकाच्या आधीच्या असल्या तरी शेवटी वाचलेल्या बऱ्या. रिबस पुस्तकांबरोबर खरोखरच म्हातारा होत जातो, 2007 च्या कादंबरीत 60 व्या वर्षी रिटायर होतो आणि 2012 ला परत येतो, तिथे प्रकाशनाचाच क्रम धरावा.